कार्ड सापडत नाही, सबब सर्व गैरहजर

जे नोंदीत सापडत नाही ते अस्तित्वात नसतं, या एका तत्त्वावर जगातली सगळी चांगली कार्यालयं उभी आहेत. जबलपूरच्या नेपियर टाउनमधलं आमचं मोजमाप कार्यालय त्यांपैकीच एक.

आमच्या दाराशी हजेरीचं यंत्र आहे. आत लिनक्सवर चालणारा पंजाएवढा संगणक आणि त्याच्या डोक्यावर बसवलेलं, अंगठा वाचणारं कार्ड. विजेच्या झटक्यात जुनं कार्ड जळालं, नवं बसवलं. त्याचा हिरवा दिवा लागला, पण पडद्यावर आलं, ‘कार्ड सापडलं नाही’. कार्ड नाही म्हणून अंगठे नाहीत, अंगठे नाहीत म्हणून माणसं नाहीत. त्या दिवसापासून सगळं कार्यालय गैरहजर राहून नेटाने काम करू लागलं. (कामाच्या वेगात काही फरक पडला नाही, हे नमूद करणं भाग आहे.)

ताबडतोब समिती नेमली गेली. सर्व सदस्य गैरहजर असल्याने पहिली बैठक तहकूब झाली, मात्र समोसे पूर्ण संख्येने संपले. त्यानंतरचे उपाय शास्त्रशुद्ध होते. यंत्र बंद करून चालू केलं. कार्ड काढून त्यावर फुंकर मारली. त्याच्या पिना खोडरबराने घासल्या. यंत्राचं तोंड पूर्वेकडे केलं. शेवटी दोष अंगठ्यांचाच असावा असं ठरून परिपत्रक निघालं, की कर्मचाऱ्यांनी घरी भांडी घासू नयेत. पुरुष कर्मचाऱ्यांमध्ये त्याचं शंभर टक्के पालन झालं. ते पूर्वीपासूनच होत होतं.

अडचण फक्त अवंतीची होती. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, परिवीक्षेवरची तांत्रिक सहायक. महिनाअखेरीस तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे यंत्रातली हजेरी पाहून ठरणार होतं. कायम कर्मचाऱ्यांची गैरहजेरी माफ झाली होती. (माफीचा निर्णय त्यांनीच घेतला.) ती मात्र कायम नव्हती.

ती आस्थापनाप्रमुख रामकृष्णजींकडे गेली.

“सर, कार्डावर एक चिप असते. तिच्यात कार्डाची ओळख लिहिलेली असते, सुरू होताना संगणक ती वाचतो. या कार्डाची चिप कोरीच आली. सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहिली की झालं. फक्त पासवर्ड द्या.”

“बेटा, पासवर्ड हजर कर्मचाऱ्यालाच देता येतो.”

“मी समोर उभी आहे ना जी!”

“तू दिसून राहिली, मी कुठे नाही म्हणतो? मशीन नाही म्हणून राहिली.”

पलीकडच्या टेबलावरून वरिष्ठ लिपिक भानुमतीबाई म्हणाल्या, “काहून डोकं लावून राहिली, अवंती? चलो, चहा घे. गैरहजर माणसाला कुणी रागवत तरी नाही.”

अवंतीने चहा घेतला आणि विचार केला. तिचा विचार नियमाला धरून होता, हाच पुढच्या घटनांचा उगम.

“अच्छा, सर. मी गैरहजर, म्हणजे आज मी इथली कर्मचारी नाही. मग मी बाहेरची. बाहेरच्या तज्ज्ञाला पासवर्ड देता येतो?”

रामकृष्णजींचा चेहरा उजळला. तर्क निर्दोष होता. त्यांनी तिच्या गळ्यात ‘अभ्यागत’ लिहिलेला बिल्ला घातला, खुर्ची पुसून दिली, तिला प्रथमच “मॅडम” म्हटलं आणि पासवर्ड सांगितला. अवंतीने एक ओळ लिहिली, यंत्र पुन्हा सुरू केलं. ‘कार्ड सापडलं’. कार्यालयाने रांग लावून अंगठे टेकवले आणि एकेक जण पुन्हा अस्तित्वात आला. भानुमतीबाईंनी तर हौसेने दोनदा टेकवला. (दुसऱ्या वेळेस त्या घरी गेल्या, अशी नोंद झाली.) अवंतीला अंगठा लावू दिला नाही. अभ्यागतांना ती सोय नाही.

महिनाअखेरीस तिचं प्रकरण निघालं. मधल्या काळातली गैरहजेरी समितीने उदारपणे दुर्लक्षिली. एक दिवस मात्र दुर्लक्षिता आला नाही.

“बेटा, बाकीचं मी सांभाळून घेतलं असतं,” रामकृष्णजी खऱ्या दुःखाने म्हणाले, “पण ज्या दिवशी बाहेरून तज्ज्ञ मॅडम येऊन मशीन दुरुस्त करून गेल्या, नेमकी त्याच दिवशी तू गैरहजर! तू तांत्रिक सहायक ना? शिकली असतीस काही त्यांच्याकडून.”

परिवीक्षा एक वर्षाने वाढली.

वाचकांना हे अन्यायाचं वाटेल. वाटू द्यावं, त्याने काम अडत नाही. हे आपण कार्यालयीन वेळेत, खुर्चीत बसून वाचत आहात, याची आम्हाला कल्पना आहे. निश्चिंत असावं. सकाळी अंगठा लावलात ना? मग आपण कामावर आहात.