बाईसाहेब चालत गेल्या

खण्ण!

दुपारची वेळ. लेक नुकती झोपलेली, सासूबाई खाली गेलेल्या, घर इतकं शांत की मुंगी शिंकली असती तरी दचकले असते. आणि दारामागच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली पडली! पडली ती पडली, वर घुंगरासकट घसरत फ्रिजखाली गेली. लेकीने एक डोळा उघडला, "आजोबा आले?" असं विचारलं आणि उत्तर न ऐकताच कूस बदलून पुन्हा झोपली.

मी पोटावर आडवी झाले, झाडूच्या दांड्याने किल्ली बाहेर काढली आणि तिथेच, फरशीवर पडल्या पडल्या, प्रतिज्ञा केली. ही गाडी मी विकणार! येत्या रविवारी! दुपारच्या जेवणाआधी!

जिने आजवर जुनी वर्तमानपत्रंसुद्धा धड विकली नाहीत, तिची ही प्रतिज्ञा. पण ऐका तर खरं.

आमच्या सासरी माणसाची ओळख स्वभावावरून होत नाही, गाडीवरून होते. मोठ्या दिरांची जर्मन. तिच्यात बसायचं म्हणजे ऑपरेशनला निघाल्यासारखं वाटतं. चपला झटका, श्वास हळू घ्या, कशालाही हात लावू नका! नणंदेच्या यजमानांची, म्हणजे आमच्या जावईबापूंची, जपानी. "टायर बदला, तेल बदला, मालक बदला, ही चालतच राहते!" हे वाक्य ते दर भेटीत म्हणतात आणि दर वेळी स्वतःच पहिल्यांदा हसतात. आमची कोरियन. ती बिचारी मधल्या भावासारखी. कुणी नावं ठेवत नाही, कुणी कौतुकही करत नाही.

आणि सासऱ्यांची बाईसाहेब.

बाईसाहेब हे त्यांनीच ठेवलेलं नाव. सायीच्या रंगाची, गोल डोळ्यांची. तिला बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. "कंपनी बंद पडली, पण गाडी नाही!" असं बाबा छाती फुगवून सांगायचे. हे धादांत खोटं होतं. बाईसाहेब रोज बंद पडायच्या.

म्हणून रोज सकाळी एक सोहळा असायचा. बाबा खाली जायचे, किल्लीने पार्किंगच्या लोखंडी फाटकावर ठोकायचे, टण् टण्! की अख्ख्या इमारतीच्या खिडक्या उघडायच्या. तळमजल्यावरचे शिंपीकाका गळ्यात टेप घेऊन यायचे, पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर यायचे, रात्रपाळी करून परतणारी नर्सताई पिशवी बाजूला ठेवून पदर खोचायची. ढकलत ढकलत फाटकाबाहेर, तिथून उतारावर, दुसरा गिअर, क्लच सोडला की घर्रर्र! तेवढ्यात सगळ्यांची सुखदुःखं बोलून व्हायची.

"बाबा, नवी बॅटरी घ्या हो," मी एकदा म्हटलं.

"घेईन की! पण मग सकाळी ही मंडळी मला भेटणार कुठे?"

दोन्ही मुलगे आणि जावई मिळून त्यांना चिडवायला लागले, की बाबांचं उत्तर ठरलेलं. "अरे, तुमच्या गाड्या कधी थांबत नाहीत, म्हणून तुम्हाला कुणी ओळखत नाही. माझी रोज थांबते. मला अख्खी गल्ली ओळखते!"

काही महिन्यांपूर्वी, अशाच एका दुपारी, बाबा खुर्चीत टेकले ते टेकलेच. घरात मी आणि लेक, दोघीच. मी फोनवर फोन लावत राहिले. नवऱ्याला, दवाखान्याला, दिरांना. दवाखान्याची गाडी आली, डॉक्टर आले, आणि सगळं आधीच होऊन गेलेलं होतं. संध्याकाळी लेकीला काय सांगावं ते सुचेना. मग डॉक्टर जे म्हणाले तेच सांगितलं. आजोबांचं हृदय थांबलं.

"बाईसाहेबांसारखं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. हो म्हणणं त्या वेळी सगळ्यात सोपं होतं.

तेव्हापासून बाईसाहेब खाली उभ्या. नवरा त्या बाजूला फिरकत नाही. आपली गाडी काढायला जातो तेव्हासुद्धा भिंतीकडे तोंड करून चालतो, एखाद्या देणेकऱ्यासारखा. आणि सासूबाई? जेवण झालं की पर्स घेतात, "गाडीला जरा वारा देऊन येते" म्हणतात आणि खाली जाऊन बसतात. आपल्या नेहमीच्या सीटवर, शेजारची सीट मोकळी ठेवून. काच खाली केलेली, पर्स मांडीवर. उन्हं उतरेपर्यंत! गाडी गेली की त्या वर येतील, चहाला माझ्यासमोर बसतील, असा माझा हिशोब.

भीत भीत त्यांना विचारलं. त्यांनी बराच वेळ पर्सची चेन उघडली, लावली, उघडली.

"विक," त्या म्हणाल्या. "पण एक ऐक. ह्यांना चौघांनी उचलून नेलं. तिला तरी ओढून नेऊ नका. ती आपल्या चाकांवर जाऊ दे."

"म्हणजे काय आई! अगदी ऐटीत जाईल!"

गिऱ्हाईकही पटकन मिळालं. ड्रायव्हिंग स्कूलचे एक मास्तर. फोनवर म्हणाले, "मला जुनीच हवी. हल्लीच्या गाड्या शिकाऊ माणसाला फार लाडावतात. चालू होते ना?"

"एका किल्लीत!" मी म्हटलं. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली! पण मला कसली काळजी? बॅटरी आणायचं दिरांनी कबूल केलं होतं. आणि जावईबापूंनीही कबूल केलं होतं. एकाला दोन!

रविवार उजाडला. जर्मन आली, जपानी आली.

"बॅटरी?" मी विचारलं.

"जावईबापू आणणार होते ना?" दीर म्हणाले.

"दादा आणणार होते ना?" जावईबापू म्हणाले.

दोघांनीही बॅटरी आणली नव्हती. मतं मात्र गाडी भरून आणली होती.

"जर्मन असती तर ही वेळच आली नसती," दीर म्हणाले.

"जर्मन असती तर घर विकून स्पेअर पार्ट आणले असते," जावईबापू म्हणाले.

"निदान दिसते तरी गाडीसारखी! तुमची म्हणजे चाकं लावलेलं कपाट."

"कपाट तर कपाट! पण दादा, कपाट कधी रस्त्यात बसकण मारत नाही!"

"भाऊजी, मास्तर फाटकाशी आलेत हो!" मी ओरडले.

मास्तर म्हणजे पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि वर्षानुवर्षं शेजारच्या सीटवर बसून उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला शिकलेला. उभे असतानासुद्धा तो पाय मधूनच दचकत होता. मी किल्ली फिरवली. बाईसाहेबांनी एक उसासा टाकला. पुन्हा फिरवली. अर्धा उसासा.

"एका किल्लीत म्हणाला होतात," मास्तर म्हणाले.

"सकाळची वेळ आहे, जरा आळसावलीय!"

"बाजूला व्हा," असं म्हणून दिरांनी जर्मन शेजारी आणून उभी केली, बरोब्बर आमच्या कोरियनची वाट अडवून. डिकीतून वायरी काढल्या. एका बॅटरीची वीज दुसरीला द्यायची, दोन मिनिटांचं काम. पण बाईसाहेबांच्या बॅटरीवर इतकी वर्षांची काजळी होती की कुठलं टोक कुठलं ते दिसेना. दिरांनी अंदाजाने जोडलं. ठिणगी उडाली! आणि जर्मनच्या डॅशबोर्डवर असतील नसतील ते सगळे दिवे लागले. लाल, पिवळे, एक तर चहाच्या कपासारखा. मग एक थंड बाई बोलली, "वाहन सुरक्षित स्थितीत गेले आहे. कृपया सेवाकेंद्राशी संपर्क साधा." आणि सगळं विझलं. चाकं जागीच जखडली. खिडकीसुद्धा अर्ध्यावर अडकली.

"सुरक्षित आहे ना, मग झालं तर!" जावईबापूंना हसू आवरेना. "आता बघा जपानीची कमाल. दोरी बांधतो, उतारापर्यंत ओढतो."

ओढायचं नाही, ही अट त्यांना सांगायची मी विसरले होते. लेक चिखलाने भरलेली चप्पल घालून जर्मनच्या दिशेने निघाली होती, मी तिच्यामागे. वळून बघते तर दोरी बांधून तयार, जावईबापू जपानी चालू करून आत बसलेले! बाईसाहेबांच्या पुढच्या टोकाला एक गाठ, जपानीच्या मागच्या बंपरला दुसरी. दोरीसाठी जपानीला वेगळा हुक असतो म्हणे. तो कुठे असतो हे जावईबापूंना ठाऊक नव्हतं. असणार कसं? त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती!

"दोरी काढा!"

सासूबाई. जिन्यात उभ्या. हातात पर्स. इतक्या मोठ्याने बोललेल्या मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. जावईबापू दचकले, आणि ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला गेला. जपानी उसळली, दोरी ताणली, बाईसाहेब तसूभर हलल्या नाहीत आणि जपानीचा बंपर पायातून निसटलेल्या चपलेसारखा सुटून जमिनीवर पडला.

मास्तरांचा उजवा पाय हवेत ब्रेक दाबत होता.

सासूबाई शांतपणे चालत आल्या, बाईसाहेबांचं दार उघडलं, आपल्या सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं.

"आई, उतरा ना," मी काचेशी वाकले. "दोरी सोडतो आम्ही."

"मी सांगितलं होतं ना गं तुला," त्या समोर बघत म्हणाल्या. आवाज पुन्हा लहान झाला होता. "एकच गोष्ट सांगितली होती."

आता माझ्या प्रतिज्ञेचं काय झालं ते तुम्हीच बघा. एक गाडी विकायला निघाले, तीन गाड्या अडकवून बसले. एक सुरक्षित स्थितीत, एक बंपरशिवाय, एक भिंत आणि जर्मनच्या मध्ये. आणि ज्या बाईला वर न्यायचं म्हणून हा खटाटोप, ती आत बसलेली. किल्ली माझ्या हातात नुसतीच लोंबत होती.

ती लेकीने काढून घेतली. कुणाला काही न विचारता ती फाटकाशी गेली, टाचा उंचावल्या आणि ठोकलं.

टण् टण्!

महिनोन् महिने हा आवाज कुणी ऐकला नव्हता. क्षणभर काहीच झालं नाही. मग वर एक खिडकी उघडली. मग दुसरी. जिन्यात चपलांचा आवाज. शिंपीकाका आले, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. डॉक्टर आले, दाढीला एकाच बाजूने साबण. नर्सताई झोपेतून उठून केस तसेच मोकळे घेऊन आली. सगळे धावत आले आणि शेवटच्या पायरीवर सगळेच्या सगळे हळू झाले.

"मला वाटलं..." शिंपीकाकांनी टाचण्या काढल्या.

"चपला घातल्या, दार ओढलं आणि मग आठवलं," नर्सताई म्हणाली. "पण म्हटलं आता निघालेच आहे तर..."

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात वरून, माझा नवरा. तो "ऑफिसचं काम" करत बसला होता. त्याने फाटकाकडे बघितलं, लेकीच्या हातातल्या किल्लीकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा बाईसाहेबांकडे बघितलं.

"आई, ढकललेलं चालेल?" त्याने काचेतून विचारलं.

"ढकला की," सासूबाई म्हणाल्या. "ढकलण्याचं ह्यांना कधी काही वाटलं नाही."

बाबा बुटके. सीट अगदी पुढे ओढलेली. आमचे साहेब ताडमाड. आत शिरले तर गुडघे स्टीअरिंगच्या दोन्ही बाजूंना, टोळासारखे!

"सीट मागे घे की रे!" दीर ओरडले. "खाली दांडा आहे बघ!"

"राहू दे, दादा," तो म्हणाला. "तशीच राहू दे."

दोरी सुटली. जावईबापूंनी आपली लंगडी जपानी बाजूला घेतली आणि बाह्या सरसावून मागे आले. दीर आले. मास्तरही आले, पेनं सांभाळत. ढकला! फाटकाबाहेर! उतारावर! "दुसरा गिअर!" सगळे एकदम ओरडले. बाईसाहेब खोकल्या. पुन्हा खोकल्या. आणि घर्रर्र!

आरडाओरडा झाला, टाळ्या झाल्या, डॉक्टरांचा साबण शिंप्याला लागला. बाईसाहेब वळणावरून दिसेनाशा झाल्या. परत यायला मात्र त्यांना खूप वेळ लागला. आल्या तेव्हा नवऱ्याचे डोळे लाल होते आणि सासूबाईंची पर्स उघडी, हातात रुमाल. इंजिन चालूच ठेवून तो उतरला. मग सासूबाई उतरल्या, आणि दार त्यांनी अगदी हळू लावलं.

मास्तर आत बसले. "एवढी माणसं गाडीसोबत मिळतात का हो?"

"माणसं इथेच राहणार," शिंपीकाका म्हणाले. "पण अडली तर घेऊन या."

बाईसाहेब गेल्या. आपल्या चाकांवर, ऐटीत, निळा धूर सोडत. त्यानंतर थोड्याच वेळात ओढून न्यायला क्रेन आली. जर्मनला!

दीर क्रेनच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले, जावईबापू बंपर काखोटीला मारून. त्या दिवशी जेवताना कुठल्या देशाची गाडी चांगली हा विषय निघाला नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

मी मात्र खूश! प्रतिज्ञा पुरी झाली होती, सासूबाई वर येत होत्या. लेकीला कडेवर घेऊन मी त्यांच्या मागोमाग जिना चढत होते. लेक माझ्या खांद्यावरून खालच्या मोकळ्या जागेकडे बघत होती. हातात ते घुंगरू. किल्लीबरोबर द्यायचं नाही म्हणून तिने ते वडिलांना किल्ली देण्याआधीच सोडवून घेतलं होतं.

"आई," ती म्हणाली, "फाटक वाजवलं की सगळे येतात ना?"

"येतात ना, सोन्या. बघितलंस ना तू!"

"मग आजोबांचं हृदय थांबलं, तेव्हा आपण का नाही वाजवलं?"