भरल्या तांब्याने तपासलेली वाट

श्री. ऐकणारास आयुष्य, सांगणारास खरी जीभ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी हे वर्तमान सुरू जाहले. संवत्सर क्रोधी, परंतु वर्तमान मायेचे, म्हणोन लिहिणे प्राप्त जाहले.

एक राज्य होते. नाव पुसू नये. दोन खोल्या, एक पडवी, एक शेळी आणि एक सायकल, इतुकाच मुलूख. राजे गेनूजी मुकादम, तीस वर्षे सडकखात्यात खडी-डांबर अंथरून निवृत्त जाहलेले, राणीसाहेब हौसाबाई. वर्षामागे बाईसाहेब पडवीच्या पायरीवरून घसरल्या, कंबरेचे हाड मोडले, मग जुळले, आणि डॉक्टरांनी बजाविले की चालणे बरे, परंतु हिसका बसता कामा नये. ऐशात पंचमीस सकाळी दोन कोसांवरील ओढ्यापल्याडच्या गावाहून सांगावा आला की, बाईंची थोरली बहीण अनुसयाबाई अंथरुणास खिळली, अन्न सुटले, आणि एकच म्हणते, "हौसीला एकदा बघू द्या." बाईंनी ऐकिले आणि तव्यावरची भाकरी करपली तरी हात हलविला नाही. मोटारीने न्यावे तर ओढ्यास पूल नाही, वळसा नऊ कोसांचा आणि सारा खड्ड्यांचा. उरली सायकल. मग मुकादम बोलिले, "तुला मी नेतो. पण आधी वाट तपासून येतो. बिनतपासल्या वाटेवर मी कधी गाढव घातलं न्हाई, तू तर माझी बायकू हाईस." त्यांचे प्रेम बोलण्यात ऐसेच येत असे. बाई बोलिल्या, "तपासा, पण बिगी बिगी."

आता मुकादमांची रीत ऐकावी. खात्याचे साहेब सडकेस यंत्र लावीत, मुकादम तांब्या लावीत. काठोकाठ पाणी भरून तो सायकलीच्या कॅरेजवर उभा बांधावा आणि स्वार व्हावे. पाणी सांडेल तेथे सडक नापास. तैसे निघाले. पहिला टप्पा डांबरी, कडा उंदराने कुरतडल्यागत, तेथे तांब्या चार बोटे उतरला. पुन्हा भरून कालव्याच्या कडेची मुरुमाची वाट धरिली, ती ऐशी बसलेली की थेंब सांडला नाही, आणि मुकादमांनी उतरून त्या मुरुमावरून मायेने हात फिरविला. मग काळ्या रानातील गाडीवाट, दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. डावी चाकोरी धरिली तर बरी, उजवी धरिली तर देव आठवावा. मग ओढा, पाणी घोट्याएवढे, परंतु तळास नारळाएवढे गोटे, आणि तेथे तांब्या पालथा जाहला.

मग मुकादम घरी येऊन कुदळ आणि पाटी घेऊन गेले. वय अडुसष्ट, परंतु ऐकतो कोण. दोन दिवस डांबराचे खड्डे बुजविले, एक दिवस चाकोरी सारखी केली, आणि पुढे ओढ्यात मुरूम टाकिला तो पाण्याने नेला, सपाट दगड मांडिले ते चाकाखाली डगमगले. रोज तांब्या भरावा, रोज सांडावा. रोज बाई दारात उभ्या राहून पुसत, "झालं का वो?" आणि मुकादम म्हणत, "उद्या." माणूस कष्टाचा मोठा, परंतु बायकोस चार शब्द विचारण्याचा भारी आळशी. सहाव्या दिवशी उन्हे कलता परतले, खांदे सोललेले, आणि पडवीत बसून बोलिले, "हौसे, तीन टप्पे पास झाले. ओढा नापास. तुला न्हेता येत न्हाई." ऐसे बोलून मान खाली घातली आणि डोळे पुसू लागले.

बाईंनी पाणी दिले आणि पुसिले, "ओढ्यातली वाट किती हाय?"

"चाळीस पावलं."

"मग तेवढी मी चालंन की. डाक्टरनं चालू नगं म्हणलंय व्हय? आवं, तांब्याला उतरून चालता येत न्हाई, मला येतं."

मुकादमांनी रित्या तांब्याकडे पाहिले. तीस वर्षांच्या नोकरीत ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

दुसरे दिवशी सकाळी कॅरेजवर गोधडीची चौघडी बांधिली, बाई बसल्या, आणि स्वारी निघाली. डांबर सरले, मुरूम सरला, डावी चाकोरी सरली. ओढ्यापाशी बाई उतरल्या, लुगडे वर खोचिले आणि पाण्यात शिरल्या. मुकादम पावले मोजू लागले तो बाई बोलिल्या, "मोजू नगा, हात धरा." मग एक हात सायकलीस, एक हात बाईस, ऐसे दोघे पैलतीरी पोहोचले.

अनुसयाबाई खाटेवर मुठीएवढ्या उरल्या होत्या. धाकटीचा हात गालाशी धरून म्हणाल्या, "किती दिस लावलंस गं हौसे. वाट लई वंगाळ होती का?"

बाई म्हणाल्या, "न्हाई अक्का. वाट चांगली होती. आमीच थांबलो."

मुकादम उंबऱ्यात उभे होते, ते तेथेच बसले.

एवंच, वाट दोन कोस, जाती चार. तपासण्यास सहा दिवस, जाण्यास पाऊण तास. अनुसयाबाई पुढे नऊ दिवस होत्या, आणि नऊही दिवस धाकटी उशाशी होती. ते सहा मिळून पंधरा जाहले असते, हे मुकादम आजवर कोणापाशी बोलिले नाहीत, आणि बाईंनी एकदाही बोलून दाखविले नाही.