ताज्या आकड्याच्या घराची हकीकत

श्रीवाग्देवीस दंडवत, ऐकणाऱ्यांच्या धीरास दुसरा दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघ मास, मुक्काम एकशे तीन टिंब सत्तर टिंब— नव्हे. लिहिता लिहिता मुक्काम बदलला. पुढे चालू.

एके राज्यीचे उदाजीराव परमुलखी चाकरीस गेले आणि सात वर्षे खपून सिद्ध केलेला प्रबंध घरच्या संगणकातच राहिला आणि विद्यापीठाची आज्ञा आली की आज सूर्यास्ताआत दाखल करणे, न केल्यास सात वर्षे बाद. मग रावांनी इंटरनेटच्या वाटेने दुरूनच घरात शिरावे ऐसे योजिले. परंतु त्या वाटेवर घराचा पत्ता म्हणजे एक आकडा, आणि राऊटर नामे डबी बंद होऊन चालू झाली की आकडा नवा. राव टिपलेल्या आकड्यावर गेले, तो तेथे घरच नाही. मग तीर्थरूप आबासाहेबांस फोन केला आणि आबांनी चष्मा लावून नवा आकडा वाचिला आणि राव तेथे गेले, घर नाही. पुन्हा फोन, पुन्हा आकडा, पुन्हा नाही. चवथ्यांदा की पाचव्यांदा, आम्हांस गणती राहिली नाही, रावांसही नाही.

"आबा, आकडा सांगून झाल्यावर तुम्ही करता काय?"

"डबी बंद करून चालू करतो. तू लांबून येणार, म्हटलं ताजी करून ठेवावी."

"काही करू नका!"

"बरं बाबा."

मग आबांनी काही केले नाही आणि वीजच गेली, आणि आली तो आकडा तिसराच.

मग रावांचे स्नेही त्र्यंबकपंत बोलिले, "आकड्यामागं किती धावणार? घराला एक नाव द्या आणि संगणकात जासूद बसवा. आकडा बदलला की तो इंटरनेटच्या नामदप्तरात जाऊन घराच्या नावापुढं नवा आकडा लिहील. तुम्ही नुसतं नाव पुकारा." मग पंत फोनवर एकेक कळ सांगत आणि आबा दाबीत.

"आता डावीकडची."

"माझ्या डावीकडची, की तुमच्या?"

ऐसे करीत सूर्य कलला. जासूद बसला, धावला. रावांनी नाव पुकारिले. तत्क्षणी आबांचाच फोन.

"उदाजी, संगणकापुढं कुणी नाही आणि पडद्यावर बाण चालतोय!"

"आबा, तो मीच."

"तू? घरात?"

"हो."

आबा बोलिले, "आलायस तर जेवूनच जा."

प्रबंध सूर्यास्तापूर्वी दाखल जाहला. संगणकाशेजारी पान वाढिले आणि काम सरल्यावरही बाण काही वेळ तेथेच फिरत राहिला. सारांश, राव येऊन गेले ऐसे घर म्हणते, राव जागचे हललेच नाहीत ऐसे परमुलूख म्हणतो. दोन्ही खरे धरून लिहिले.