इनासकाकांची जोडी

तुमच्या शेजारच्या खोलीत एकटा राहणारा माणूस उद्या गेला, तर त्याला खांदा कोण देणार? आम्ही सभांमधून बंधुतेवर घसा फोडून बोलतो, पण हा प्रश्न मला तिथे कोणी विचारला नाही. विचारला तो इनासकाकांनी, तोही माझ्या खांद्यावर पंजा ठेवून, उंची अजमावत.

इनासकाका परळच्या गिरणीतले निवृत्त फिटर. आमच्या चाळीमागच्या ख्रिस्ती वस्तीत एकटेच राहतात. उंची बेताची म्हटली तरी उदारपणा होईल. समोर कोणी आला की ते तोंड बघत नाहीत, खांदा बघतात. "तुझी नि त्या दूधवाल्याची जोडी जमते," म्हणतात. दूधवाला दचकतो, कारण ही जोडी कशासाठी, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

काका चर्चच्या बंधुमंडळाचे प्रमुख. प्लेगच्या साथीत प्रेताला हात लावायला घरचेही धजत नव्हते, तेव्हा काही ख्रिस्ती गिरणीकामगारांनी हे मंडळ काढलं. काकांचे वडील त्यांच्यातले. नियम एकच: ज्याला कोणी नाही, त्याचीही शवपेटी खांद्यावरून जाईल, हातगाडीवरून नाही. आणि काकांचं पालुपद, "पेटी कलता कामा नये." त्यासाठी दोन्ही बाजूंचे खांदे समान हवेत.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला काका आपणहून आले. "मी इथलाच, भाषा हीच. मग मी नको?" मला अभिमान वाटला. तो फार टिकला नाही. डिलाईल रोडला आम्ही जमलो, तसे काका सगळ्यांचे खांदे बघत फिरू लागले आणि समान उंचीच्या जोड्या लावू लागले. एका उंच बाईला नवऱ्यापासून काढून तितक्याच उंच परक्या बाईशेजारी उभं केलं. आमच्या चाळीचा पुढारी शांताराम ओरडला, "ओ काका, मोर्चा आहे हा, मयत नाय!"

"रांग ती रांग, बाबा. कलता कामा नये."

आणि मान खाली घालून, संथ पावलं टाकत ते पुढे निघाले. मागचेही तसेच. घोषणा कोणाच्या तोंडून फुटेना. नाक्यावरच्या हवालदाराने ट्राम थांबवली आणि टोपी काढली. शांताराम आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मग एका दुपारी काका माझ्या दारात उभे. गिरणीतल्या त्यांच्या खात्यातला जुना सोबती, संतान नावाचा, गेला होता. दोघे रोज संध्याकाळी चर्चच्या बाकावर बसायचे, बहुधा न बोलताच.

"पोरा, कपडे घाल. तुझा खांदा पाहिजे."

"मी ख्रिस्ती नाही, काका."

"पेटी विचारत नाय."

"पण तुमच्या मंडळात माणसं आहेत ना?"

"चार उरलेत. चारी ताडमाड. मी त्यांच्या जोडीला लागलो की पेटी कलते. बापाच्या वेळी पण मी पुढे क्रूस घेऊन चाललो. सगळ्यांच्या वेळी क्रूसच." ते जरा थांबले. "संतानला तरी मला उचलायचाय रे. तू सभेत स्टुलावर चढून बोलतोस, पण मी तुला खाली उतरलेला बघितलाय."

माझं स्टूल कोणाच्या लक्षात आलं नसेल, असा माझा समज होता.

आतून आई म्हणाली, "जा रे. आंघोळीला पाणी तापवून ठेवते."

मागे चार ताडमाड, पुढे आम्ही दोन बुटके. पेटी पुढच्या अंगाला जरा उतरली, पण आडवी कलली नाही. काका वाटभर माझ्या खांद्याकडेच बघत होते. कबरस्तानाच्या फाटकाशी हळूच म्हणाले, "समान आहे रे. अगदी समान." डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते तसेच वाहू दिले.

आता काकांना चालताना दम लागतो. परवा त्या बाकावर मी संतानच्या जागी बसलो होतो. काका कबरस्तानाच्या वाटेकडे बघत होते. स्वतःच्या मरणाची काळजी करत असतील, असं मला वाटलं. मग म्हणाले, "पोरा, मी गेल्यावर तुझ्या जोडीला कोण?"

म्हणून हे लिहिलं. वाचकहो, तुमच्यात कोणी बुटका असेल तर लाजू नका. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटली की चर्चच्या आवारात या. धर्म कोणी विचारणार नाही. फक्त माझ्या शेजारी येऊन उभे राहा. काकांना एकदा बघू द्या.