प्रश्न क्रमांक तीन

दिल्लीहून परिपत्रक आलं तेव्हा चंपतराव गजभिये टेबलाशी बसून कानात काडी फिरवत होते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या केंद्र सरकारी कार्यालयात खाणकामगारांच्या नोकरीच्या नोंदी ठेवल्या जात, आणि चंपतराव तिथले बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, होते. परिपत्रकात लिहिलं होतं, की सरकार आणि जनता यांच्यात पडदा राहू नये म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कार्यालय सर्वांना खुलं राहील. कोणीही यावं, काहीही विचारावं. प्रश्न रजिस्टरात नोंदवावा, पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं आणि त्याची नक्कल बाहेरच्या फलकावर लावावी. साल १९७८ होतं. असे कागद तेव्हा उत्साहाने निघत.

पहिल्या सोमवारी सतरंजी अंथरली, माठ भरला आणि साहेब शरच्चंद्र बक्षी नवा बुशशर्ट घालून बसले. दिवसभरात एकच माणूस आला. त्याला कामठीची बस कुठून सुटते ते हवं होतं. हा प्रश्न धरावा की नाही, यावर साहेबांनी अर्धा तास विचार केला आणि शेवटी दिल्लीला ‘निरंक’ कळवलं. उलट टपाली दिल्लीने विचारलं, ‘लोकसहभाग शून्य का? खुलासा करावा.’

"चंपतराव," साहेब म्हणाले, "पुढच्या खेपेला जनता पाहिजे. कुठूनही आणा."

चंपतराव इंदोरा वस्तीतल्या घरी आले आणि त्यांनी बायकोकडे विषय काढला. गोपिकाबाई तिथल्या बुद्धविहारातल्या महिला मंडळाच्या चिटणीस होत्या. त्यांनी हाक मारली की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून येत.

"किती जनता पायजे?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा पुरे. प्रश्न मी चिठ्ठीवर लिहून देतो. फक्त वाचून दाखवा."

"आमचे प्रश्न तुमी लिहून देता? आमाले तोंड नाही का?"

"तसं नाही वं! साहेबाले उत्तर देता आलं पायजे ना."

ठरल्याप्रमाणे सहा बायका आल्या. पहिलीने कार्यालयाची वेळ विचारली. साहेबांनी ती खणखणीत आवाजात सांगितली. दुसऱ्या सिंधूताई; त्यांची चिठ्ठी धुण्यात भिजून तिचा लगदा झाला होता, म्हणून गोपिकाबाईंनी आपली चिठ्ठी त्यांना दिली. सिंधूताईंनी ती अडखळत वाचली आणि नोंदी किती वर्षं जपतात ते जाणून घेतलं. आता गोपिकाबाईंची पाळी, आणि हात रिकामे. त्या तशाच खाली बसल्या असत्या, पण साहेबांना जोर चढला होता.

"बोला ना बाई, संकोच करू नका. सरकार तुमचंच आहे."

गोपिकाबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"माह्यावाला प्रश्न असा आहे साहेब, का इथले बडेबाबू सकाळी साडेदहापासून साडेपाचपर्यंत नेमकं करते काय? बावीस वर्षांपासून मी यायले इचारून राहिली. तं म्हणते, काम. कोणतं काम, तं म्हणते, तुले नाही समजणार."

सतरंजीवर एकच हशा पिकला. चंपतरावांचे कान लाल झाले.

"साहेब, हा... हा घरचा प्रश्न आहे."

साहेबांनी परिपत्रक उलगडलं, चष्मा लावला. "इथे ‘कोणताही नागरिक’ असं लिहिलंय. ‘पत्नी वगळून’ असं कुठे दिसत नाही. नोंदवा. प्रश्न क्रमांक तीन."

चंपतरावांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात नोंदवलं, ‘अर्जदार : सौ. गोपिका चंपतराव गजभिये.’ उत्तराचा मसुदा करायचं कामही नियमाने बडेबाबूंचंच होतं.

संध्याकाळी त्यांनी तडजोडीचा प्रयत्न केला. "बस इथं. आत्ताच सांगतो तुले सगळं."

"नाही जी," कणीक तिंबत गोपिकाबाई म्हणाल्या. "लेखी पायजे. शिक्क्यासकट."

दुसऱ्या दिवशी चंपतरावांनी लिहिलं, ‘संबंधित कर्मचारी प्राप्त संदर्भांवर नियमोचित कार्यवाही करून प्रकरणे सक्षम अधिकाऱ्याकडे सादर करतात.’ साहेबांनी कागद परत केला. "हे मलाही कळलं नाही. साधं लिहा."

साधं लिहायला बसले आणि पेन अडलं. चपराशी देवाजी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होता. न राहवून तो म्हणाला, "लिहा ना बडेबाबू, फाइल आली का तिची नाडी सोडता, पाहता, आन् पुन्हा बांधून ठेवता."

चंपतराव त्याच्यावर खेकसले. पण खरी पंचाईत अशी होती, की त्याहून जास्त त्यांना स्वतःलाही आठवेना. शेवटी त्यांनी कपाट उघडलं आणि आपण बांधून ठेवलेल्या फायली एकेक करून वाचायला घेतल्या. चार दिवस ते चहाला उठले नाहीत. देवाजीला वाटलं, साहेबांनी झापलं असेल.

चौदाव्या दिवशी उत्तर तयार झालं.

‘तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की माझ्याकडे कामगारांची नावे येतात. काही चुकीची लिहिलेली असतात. मी ती दुरुस्त करतो. खापरखेड्याकडच्या शालिकराम नावाच्या कामगाराचे नाव कागदावर शालिनी झाले होते. त्यामुळे सात महिने त्याला कोणी ओळखले नाही. मी ते दुरुस्त केले. या सात महिन्यांपैकी सहा महिने कागद माझ्याच टेबलावर होता. उरलेल्या वेळात मी चहा पितो, आणि जेवणानंतर थोडी झोप लागते.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे फलकावर लागणार, ठाऊक आहे ना? ते सहा महिने... तिथे ‘काही काळ’ लिहू या का?"

"काही काळ म्हणजे किती, असं ती इचारीन साहेब. पुन्हा नवा प्रश्न नोंदवा लागन."

साहेबांनी सही केली.

उत्तर रजिस्टर पोस्टाने घरी गेलं. चंपतराव संध्याकाळी पोचले तेव्हा गोपिकाबाई ते हातात धरून दारातच बसल्या होत्या.

"सहा महिने?" त्या म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याले बाई करून ठेवलं सहा महिने?"

"हो."

"काहून?"

"फाइल खाली दबली होती. मी वरच्याच पाहत होतो."

गोपिकाबाई उठून चुलीकडे गेल्या. जेवताना मात्र त्यांनी न मागता दुसरी भाकर वाढली. नंतर पत्राची नीट घडी घातली आणि लग्नातल्या शालूखाली पेटीत ठेवून दिली.

"बरं लिहिता तुमी," पेटीची कडी लावत त्या म्हणाल्या. "आधी नाही सांगितलं कधी."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहा वाजताच कार्यालयाच्या आवारात सायकली लावायला जागा उरली नाही. फलकावरचं उत्तर तोंडोतोंडी खाप्यापासून कामठीपर्यंत गेलं होतं. जे कार्यालय आपली चूक आपण भिंतीवर लावतं, तिथे आपलीही दाद लागेल, असं लोकांना वाटलं होतं. कोणाचं नाव चुकलं होतं, कोणाच्या बापाचं. एकाचा जन्म कागदावर अजून व्हायचा होता. चंपतराव मान खाली घालून नोंदवत होते. बारा वाजेपर्यंत त्यांनी जागच्या जागी सहा नावं दुरुस्त केली आणि त्यांना घाम फुटला, पण अंगात एक नवीच तरतरी आली. दिल्लीला काय आकडा कळवायचा या आनंदात साहेब व्हरांड्यातून फेऱ्या मारत होते.

"नाव?" चंपतरावांनी मान वर न करता पुढच्या व्यक्तीला विचारलं.

"प्रेमिला शरच्चंद्र बक्षी."

चंपतरावांचं पेन थांबलं. व्हरांड्यातल्या फेऱ्याही थांबल्या.

"यांनी घरी चहाच्या वेळी तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं," प्रेमिलाबाई शांतपणे म्हणाल्या. "फार आवडलं मला. माझाही प्रश्न तोच. फक्त बडेबाबूंच्या जागी साहेब लिहा."

लोक हसले नाहीत. साहेबच ते, सगळे अदबीने उत्तराची वाट पाहू लागले. प्रश्न नोंदवला गेला.

गर्दी ओसरल्यावर साहेबांनी चंपतरावांना आत बोलावलं. समोर कोरा कागद होता, त्यावर फक्त तारीख होती.

"चंपतराव," साहेबांनी आवाज खाली आणला, "तुम्ही मला अकरा वर्षं पाहताय. खरं सांगा. मी नेमकं काय करतो?"

चंपतरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. पंख्याकडे पाहिलं, टेबलावरच्या सहीच्या पेनाकडे पाहिलं. मग त्यांनी उन्हाच्या बाजूचा पडदा हळूच ओढून घेतला.

"याले वेळ लागते, साहेब," ते मायेने म्हणाले. "मी देवाजीले चहा सांगतो."