ऐकलंस ते सांग

बंगळुरात, चामराजपेटेत आमच्या घरासमोर गुंडूअण्णा राहायचे. त्यांच्याकडे साधा निरोप घेऊन जायचं तरी हाताशी वेळ ठेवून जावं लागे, कारण त्या घरात प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जायची.

आपण म्हणावं, "अण्णा, आईनं विचारलंय, उद्या पुरणयंत्र मिळेल का?"

"सरी," ते कन्नडात ‘ठीक’ म्हणत, "ऐकलं ते सांगतो. तुझ्या आईला उद्या पुरणयंत्र पाहिजे." हे खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून. मग उत्तर यायचं, "मिळेल, पण दुपारी तीननंतर." आपण चपला घालायला वळलो की मागून हाक, "आता तू ऐकलंस ते सांग."

"दुपारी तीननंतर मिळेल."

"सरी. जा."

आमच्या गल्लीनं त्यांचं नाव दोनदाअण्णा पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

तीस वर्षं तारऑफिसात काढून ते निवृत्त झाले होते. हा प्रकार सुरू झाला तो निवृत्तीनंतरच, त्यामुळे रिकामपणाचा उद्योग म्हणून लोकांनी तो सोडून दिला होता. त्याचं कारण विचारलं की ते एका तारेची गोष्ट सांगत. एका गृहस्थानं माहेरी गेलेल्या बायकोला तार केली, ‘मी सुखात आहे, येऊ नकोस.’ तार मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई दोन ट्रंका आणि थोरला भाऊ घेऊन दारात हजर. आपण नसताना नवरा सुखात आहे, आणि वर येऊ नको म्हणतो, म्हणजे काय समजायचं?

"अक्षर एक चुकलं नव्हतं," गुंडूअण्णा म्हणत. "लिहिणारा चुकला नव्हता, वाचणारीही चुकली नव्हती. शब्द तारेतून धड जातात गं. बिघडतात ते माणसात शिरल्यावर."

म्हणून माणसात शिरलेला शब्द ते परत बाहेर काढून बघत. भाजीवाली मुनियम्मा दारात आली की ते तिला कन्नडमध्ये सांगत, "उद्या कोवळी भेंडी आण." ती "आणते" म्हणाली तरी सुटका नसे. तुझी कोवळी कशी, ते विचारत आणि टोपलीतल्या एका भेंडीचं टोक तिला मोडून दाखवायला लावत. मग स्वतः एक मोडत. दोन्ही टोकं सारख्या आवाजात तुटली तरच व्यवहार पुढं सरके. पुढं पुढं मुनियम्मा आमच्याही दारात काही न विचारता भेंडीची टोकं मोडून दाखवू लागली.

‘स्वल्प’ या शब्दाशी तर त्यांचं वैरच होतं. आमच्या बंगळुरी मराठीत कन्नडातला हा शब्द मिठासारखा पडतो. स्वल्प थांब, स्वल्प वाढ, स्वल्प सरक. शिंप्यानं एकदा त्यांचा पायजमा ‘स्वल्प सैल’ शिवला, तर त्यात दोन गुंडूअण्णा मावले असते. तेव्हापासून कुणीही स्वल्प म्हटलं की ते चार बोटं पुढं करून विचारत, "किती बोटं?" माझ्या आईनं एकदा नमस्काराला वाकत म्हटलं, "अण्णा, आशीर्वादाला स्वल्प हात ठेवा." त्यांची बोटं पुढं आलीच होती, पण रंगक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डोळे वटारले म्हणून ती मागं गेली.

मीही त्यांना हसायची. माझंच लग्न या दोनदा बोलण्यावर येऊन ठेपलं, तोवर.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. पुण्याकडचे एक गृहस्थ, सदानंद नाव, इथल्या एका नव्या कारखान्यात नोकरीला लागले होते. त्यांचे वडील तात्यासाहेब, निवृत्त हेडमास्तर, पंधरा दिवसांसाठी मल्लेश्वरमला स्नेह्यांकडे उतरले होते. बापलेक मला बघायला आले. ते पोह्यांची आणि चहाची वाट बघत असणार. आमच्याकडून गेले उप्पिट, केसरीभात आणि कॉफी. तात्यासाहेब "पुरे" म्हणाले. आमच्याकडे पहिल्या पुरेला भिडस्तपणा समजतात, म्हणून आईनं आणखी वाढलं. ते "खरंच पुरे" म्हणाले, तेव्हा खरंच आवडलं म्हणून तिनं पुन्हा वाढलं.

सदानंदांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुम्हांला हे गाव सोडून जायचं नाही ना? कारण मला इथंच राहायचंय."

मी नाही म्हटलं आणि मनातून हो म्हटलं.

मंडळी गेली. संध्याकाळी अप्पा, म्हणजे माझे वडील, पगडी काढल्यासारखे हलके होण्याऐवजी भिंतीला टेकून बसून राहिले. "नकार," ते म्हणाले. आईनं माझी जरीची साडी घडी घालून पेटीत ठेवली. आठ दिवस घरात कुणी विषय काढला नाही. मी वर्गात पाढे घेताना मधेच थांबायची आणि पोरं मला पुढचा आकडा सांगायची.

नवव्या दिवशी गुंडूअण्णा वर्तमानपत्र मागायला आले. अप्पांचा चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि अप्पांनी सांगितलं, "तिकडून नकार आला."

"तुझा अर्थ नको. त्यांचे शब्द सांग."

"‘पत्रानं कळवतो’ म्हणाले."

"बरं. आणि त्यानंतर त्यांनी तुला काय विचारलं?"

"माघात जमेल का म्हणाले."

"तू काय उत्तर दिलंस?"

"मान हलवली."

"हलवून दाखव."

अप्पांनी दाखवली. इथली सगळीच माणसं हलवतात तशी, एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे, हळुवार डोलती. गुंडूअण्णांनी वर्तमानपत्र तिथंच ठेवलं, छत्री उचलली आणि मल्लेश्वरमची बस पकडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अप्पांना कॉफीला बोलावलं आणि मला रंगक्काच्या मदतीला. आम्ही गेलो तर ओसरीवर तात्यासाहेब बसलेले. दोघांनाही दुसरा येणार हे ठाऊक नव्हतं. अप्पा मागं फिरणार, एवढ्यात गुंडूअण्णांनी त्यांना हाताला धरून तात्यासाहेबांच्या समोर बसवलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. हातातला लोटा किती गरम आहे हे मला बराच वेळ कळलं नाही.

"तात्यासाहेब, तुम्ही काय ऐकलंत ते सांगा," गुंडूअण्णा म्हणाले.

"ऐकायचं काय त्यात?" तात्यासाहेब ताठ बसून म्हणाले. "माघात जमेल का, मी विचारलं. यांनी मान अशी हलवली. आमच्याकडे याला नाही म्हणतात. तोंडानं सांगायचीही तसदी घेतली नाही."

अप्पा बघतच राहिले. "आमच्याकडे याला हो म्हणतात. आनंदानं हो. पण तुम्हीच ‘पत्रानं कळवतो’ म्हणालात ना?"

"म्हणालो. पत्रिका जुळवायची आणि रीतसर पत्र लिहायचं. तुमची मान बघितल्यावर लिहू कशाला?"

"आमच्याकडे होकार असला की उंबऱ्यातच तोंड गोड करतात. ‘कळवतो’ म्हणजे वाट बघू नका."

रंगक्का माझ्या खांद्यावरून ओसरीकडे बघत होती. मग गुंडूअण्णा म्हणाले, "आता तुम्ही यांचं सांगा आणि हा तुमचं सांगेल."

तात्यासाहेबांनी घसा साफ केला. "यांचं म्हणणं, मान डोलली म्हणजे हो." आणि वर्गात चाळीस वर्षं कुणापुढं न डोललेली ती हेडमास्तरी मान त्यांनी इकडून तिकडे डोलवून बघितली. पहिल्यांदा नुसता कानच खांद्याला लागला. "स्वल्प सैल," अप्पा म्हणाले. दुसऱ्यांदा जमली. अप्पा हसायला लागले, मग तात्यासाहेब हसायला लागले, आणि मी दाराआड लोटा खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला.

गुंडूअण्णा आणि अप्पा तात्यासाहेबांना बसपर्यंत सोडायला गेले. लग्न माघात ठरलं. मी आणि रंगक्का मागं भांडी आवरत होतो.

मी मोरीपाशी पाठमोरी बसून लोटे घासत होते. "अक्का, साखरेचा डबा वर ठेवू का?" मी विचारलं. उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं, मग जरा मोठ्यानं. वळून बघितलं तर रंगक्का माझ्याकडे पाठ करून पाट पुसत होती, शांत, जशी घरात एकटीच असावी. मी उठून खांद्याला हात लावला. ती दचकली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे.

"कधीपासून, अक्का?"

"सहा वर्षं झाली." ती सावकाश बोलली. "एका कानानं काहीच नाही. दुसऱ्यानं लांबून भांडी वाजल्यासारखं. आधी मी ‘काय, काय’ विचारायची. मग बायका ओरडून बोलायला लागल्या, मग माझ्या देखत एकमेकींना खुणा करायला लागल्या. मी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. कुणी घरी आलं की मागच्या खोलीत जाऊन बसायची."

"आणि अण्णा?"

"हे म्हणाले, तू एकटीच परत विचारतेस म्हणून तुला लाज वाटते. आजपासून मीही विचारतो. सगळ्यांनाच विचारतो." ती पाट भिंतीला लावत म्हणाली, "पहिल्यांदा कुणी काय म्हणालं ते माझं हुकतं. दुसऱ्यांदा हे माझ्याकडे तोंड करून म्हणतात, ते मला मिळतं. आज त्या मास्तरांची मान मात्र मला पहिल्या खेपेलाच कळली."

"लोक त्यांना हसतात, अक्का. मीसुद्धा हसले."

"मी सांगितलं ना त्यांना. म्हणाले, हसू दे, हसताना तोंड छान उघडतात, तुला वाचायला सोपं."

एवढ्यात गुंडूअण्णा परतले. त्यांनी छत्री खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी चुलीच्या आडोशाला होते, त्यामुळे त्यांना दिसले नाही. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. चार-पाच शब्द असतील.

रंगक्का लाजली. साठीची बाई, पदर तोंडावर घेऊन इतकी हसली की हातातलं फडकं खाली पडलं.

ते काय म्हणाले, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. साखरेचा डबा वर ठेवला आणि मागच्या दारानं घरी आले.