पट्टेरावांची दुनळी

मुलांनो, हाताची घडी घाला, म्हणजे तुम्ही ऐकताय असं मला वाटेल. नकाशात नुसता हिरवा रंग फासून मोकळे होतात, अशा एका जंगलात एक वाघ राहत होता. त्याचं नाव पट्टेराव.

पट्टेरावांचे दात शाबूत होते. नखंही शाबूत होती. गुडघे मात्र गेले होते. शिकारीमागे दोन-चार ढांगा टाकल्या की त्यांना खाली बसावं लागे. पुढे पळणारं हरीण थांबून मागे बघे, "बरं वाटतंय ना?" असं विचारी आणि सावकाश निघून जाई.

त्यांच्या बायकोचं नाव सरूबाई. त्यांची कंबर धरलेली. तेव्हा दोघं नवरा-बायको ओढ्यावर बसून खेकडे खात. खेकड्याने वाघाचं पोट भरत नाही. पट्टेरावांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या, आणि हा पावसाळा गेला तशी थंडी काही जायची नाही, असं सरूबाईंना मनातून वाटत होतं. त्या तसं बोलत नसत. खेकड्याचा मोठा नांगा नवऱ्यापुढे सरकवत.

अशा वेळी भाऊसाहेब कोल्हे भेटीला आले. भाऊसाहेब शहराच्या वेशीपर्यंत जाऊन येत. तिथे ते कोंबड्या चोरत, पण जंगलात त्याला अभ्यासदौरा म्हणत. त्यांनी पट्टेरावांची प्रकृती पाहिली आणि हळहळून म्हणाले, "साहेब, बंदूक घ्या. तिला गुडघे लागत नाहीत."

पट्टेरावांना ते पटलं. पण ते जुन्या वळणाचे. एकदाच खर्च करायचा आणि जन्माला पुरवायचं, अशी त्यांची रीत. तितरापासून सांबरापर्यंत सगळ्यांना चालेल अशी एकच बंदूक हवी, असं त्यांनी सांगितलं. आणि ती बेताच्या खर्चात बसली पाहिजे, कारण घरात खेकड्यांच्या कवचांशिवाय काही नव्हतं.

भाऊसाहेब म्हणाले की वर्गणी काढू.

आता तुम्ही विचाराल, शिकारीची बंदूक घ्यायला वर्गणी देणार कोण? तुम्ही अजून लहान आहात म्हणून असं विचारता. वर्गणी सगळ्यांनी दिली. सांबरांनी गळून पडलेली शिंगं आणली, साळिंदराने काटे दिले, मोरांनी पिसं दिली. भाऊसाहेबांनी फक्त एवढंच पसरवलं होतं की शेजारच्या जंगलात अजून बंदूक नाही. लगेच 'वाघाची बंदूक' हे नाव मागे पडलं आणि जो तो 'आपली बंदूक' म्हणू लागला.

वर्गणी आली म्हणजे समिती आलीच. अध्यक्ष झाले ससेगुरुजी. हे बिळाबाहेर शाळा भरवत. सभासद म्हणून रानडुक्कर तात्या होते, तितरांतर्फे एक तितर आणि सांबरांतर्फे एक सांबर होतं. पट्टेरावांना बोलावलं नव्हतं. त्यांना त्यातलं काय कळतं, असं समितीचं मत पडलं.

भाऊसाहेबांनी समितीला समजावून सांगितलं. छऱ्याची, बारा बोअरची बंदूक घ्यावी. तिच्यात काडतूस बदललं की शिकार बदलते. बारीक छर्रा घातला की तितर पडतं, त्याहून मोठा घातला की ससा पडतो, आणि मोठ्या जनावराला एकच गोळी. एकनळी असेल तर वजनाला हलकी आणि खर्चाला कमी. साहेबांचे गुडघे पाहता हलकीच बरी.

समितीने फार बारकाईने चर्चा केली. तितर म्हणालं की आमच्यासाठी छर्रा अगदी बारीक घ्या, आमचं अंग नाजूक आहे, पिसं खराब होतात. ससेगुरुजींना स्वतःचा छर्रा तितराच्या जवळपासचा आहे हे खटकलं. सशाला निदान वेगळं काडतूस असावं, त्याचा रंगही वेगळा असावा, असा त्यांनी आग्रह धरला. सांबराची काही तक्रार नव्हती. आपल्याला अख्खी गोळी आहे हे ऐकल्यापासून ते मान ताठ करून बसलं होतं.

रुसले ते तात्या. त्यांना एकनळीच मंजूर नव्हती.

"एका बारात पडाया म्या काय ससा हाय व्हय?" तात्या म्हणाले. "चुकून पयला बार अंगावर झेलला, तर दुसरा नगं? लोक काय म्हनतील? दुनळी आणा, न्हाईतर माझी वर्गणी माघारी द्या."

गुरुजींना 'ससा' हा शब्द झोंबला. पण तात्यांनी वर्गणीत एक अख्खा सुळा दिला होता. तेव्हा रानडुकराचा मान राखण्यासाठी दुनळीच घ्यावी असं एकमताने ठरलं.

भाऊसाहेब शिंगं, काटे आणि पिसं पाठीवर लादून वेशीबाहेरच्या भंगारवाल्याकडे गेले. परत आले ते हात चोळत. म्हणाले की आपल्या ऐपतीत बसेल अशी एक दुनळी आहे. नळ्या उत्तम आहेत, दस्ता शिसवी आहे. फक्त तिला घोडा नाही आणि माशी नाही. ते दोन्ही हवं असेल तर वेगळी शिंगं पडतील.

मुलांनो, बंदुकीचा जो खटका ओढला की बार उडतो, त्याला घोडा म्हणतात. आणि नेम धरायला नळीच्या टोकावर जो मणी असतो, त्याला माशी म्हणतात. हे तुम्हाला ठाऊक आहे. जंगलात कोणालाच ठाऊक नव्हतं. भाऊसाहेबांना ठाऊक असावं, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

ससेगुरुजी हसले. शाळेत हिशेब शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"घोडा आपल्याकडे आहे," ते म्हणाले. "विकत कशाला घ्यायचा?"

खरंच होता. टांग्याला कंटाळून पळून आलेला एक घोडा टेकडीपलीकडे चरत असे. माश्यांचं तर काही विचारूच नका. त्यातल्या बऱ्याचशा पट्टेरावांच्या पाठीवरच मुक्कामाला होत्या. केवढा खर्च वाचला म्हणून समितीने गुरुजींच्या अभिनंदनाचा ठराव केला.

बंदूक आली ती नेमकी खंडेनवमीच्या तोंडावर. शस्त्रांची पूजा व्हायचा दिवस. आजवर जंगलात त्या दिवशी पट्टेरावांच्या नखांची पूजा व्हायची आणि ती सगळे लांबूनच करायचे. या खेपेला मात्र अख्खं जंगल सकाळपासून वाघाच्या दारात. दुनळीला मोठ्या खडकावर ठेवलं होतं. दोन्ही नळ्यांत झेंडूची फुलं खोवली होती. हळदीकुंकवाने दस्ता माखून गेला होता. जो तो पुढे घुसत होता आणि एकदा तरी बंदुकीला हात लावून बघत होता. तात्या 'माझी नळी कंची?' असं विचारत फिरत होते.

पट्टेरावांनी बंदूक उचलली. रात्रीपासून त्यांनी खेकडासुद्धा खाल्ला नव्हता, कारण आज सांबर खायचं या आशेवर त्यांनी पोट राखलं होतं. खडकाला टेकून त्यांनी नळी समोरच्या मोकळ्या माळाकडे धरली. पहिला बार मानाचा, म्हणून नुसता हवेत उडवायचा होता. शिकार नंतर सावकाश.

नळीच्या टोकाला गूळ फासून त्यावर एक माशी बसवली. घोड्याला आणून बंदुकीशेजारी उभा केला. भाऊसाहेबांनी सांगितलं की आता माशीवर नजर ठेवायची आणि घोडा ओढायचा.

पट्टेरावांनी माशीवर नजर ठेवली. समितीने घोडा ओढला. कोणी शेपूट धरली, कोणी आयाळ धरली. घोडा आधी बुचकळ्यात पडला. मग त्याने मागच्या दोन्ही पायांनी एक लाथ झाडली आणि तो जो पळत सुटला, त्याने थेट टांग्याला जाऊन स्वतःला जुंपून घेतलं असं म्हणतात. भाऊसाहेब लाथेने करवंदीच्या जाळीत जाऊन पडले. बार उडाला नाही. माशी उडाली.

ती आधी दस्त्यावर बसली, मग पट्टेरावांच्या नाकावर. पट्टेराव डोळे तिरळे करून तिच्यावर नजर ठेवून राहिले. सांगितलं होतं तेवढं ते करत होते. पण थोड्या वेळाने त्यांना कळून चुकलं की आपण फसलो. त्यांना फार वाईट वाटलं. सगळ्या जंगलासमोर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हातातली बंदूक खाली ठेवायचंही बळ त्यांच्यात उरलं नाही.

समिती मात्र निराश झाली नव्हती. बार का उडाला नाही हे बघायला सगळे आणखी जवळ आले. गुरुजी झेंडू उपसून एका नळीत डोकावत होते. दुसरीत तात्या डोकावत होते. नीट दिसावं म्हणून तात्यांनी पुढचे दोन्ही पाय शेजारी बसलेल्या सरूबाईंच्या मांडीवर टेकवले होते.

सरूबाईंनी तात्यांच्या पाठीवर पंजा ठेवला. तो त्यांनी पुन्हा उचलला नाही. तात्यांना ओरडायलाही सवड मिळाली नाही, आणि त्या गर्दीत कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग त्या नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "अवो, डोळं पुसा. ती माशी ऱ्हाऊ द्या आन् जरा हिकडं बघा."

पट्टेरावांनी बघितलं. डाव्या हाताशी सांबर उभं होतं. उजव्या हाताशी हरणं होती. तितरं तर शेपटीवर बसली होती. एवढं सगळं एका जागी त्यांनी जवानीतही पाहिलं नव्हतं. उठायची गरज नव्हती. नुसता हात लांब करायचा होता.

"बंदूक झ्याक हाय," सरूबाई म्हणाल्या. "समद्यांस्नी चालतीया. दुरुस्त मातुर करू नगा."

तेव्हापासून त्या जंगलात दर बाजाराच्या दिवशी दुनळीचं दर्शन असतं. काही मंडळी दर्शनाला जातात ती परत येत नाहीत. पण रांग इतकी मोठी असते की कोण आलं नि कोण गेलं, याचा पत्ता लागत नाही. तात्यांच्या जागी समितीवर त्यांच्या चुलतभावाला घेतलं. पट्टेरावांच्या बरगड्या आता दिसत नाहीत. भाऊसाहेबांना शाल आणि नारळ मिळाला.

रांग लावायचं काम ससेगुरुजींकडे आहे. एकामागे एक चालावं, पुढच्याला ढकलू नये, असं ते सर्वांना प्रेमाने सांगतात. परवा त्यांनी पट्टेरावांना विचारलं की बार कधी उडायचा. पट्टेराव म्हणाले की घोडा सापडला की उडवू. गुरुजींना ते रास्त वाटलं. मग रांग संपली होती म्हणून ते स्वतःच दर्शनाला पुढे झाले.

तात्पर्य : बंदूक घ्यायची तर स्वस्तातली घ्यावी, सगळ्यांच्या वर्गणीतून घ्यावी, आणि ती उडत नाही याची आधी नीट खात्री करून घ्यावी. उडणाऱ्या बंदुकीपासून शिकार लांब पळते. न उडणारीला ती हार घालायला येते.